नोंदणीच्या टेबलापाशीं

इ. स. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां तो त्यांनीं कोणा राजाला अगर धनिकाला अर्पण केला नाहीं. तो त्यांनीं अर्पण केला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, नीग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या सज्जनांना. सातासमुद्रांपलीकडे एका दास्यांत पडलेल्या जमातीच्या बेड्या तुटल्या, ही वार्ता ऐकून महाराष्ट्रांतील एका माळ्याच्या मुलाला आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांविषयीं आशा वाटली.

ती आशा वावगी नव्हती. १८६५ सालीं तेराव्या घटनादुरुस्तीनें अमेरिकेंतील गुलामगिरी रद्द झाली होती. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें मुक्त झालेल्यांना नागरिकत्व मिळालें होतें. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनें असें ठरविलें होतें कीं, वंश, वर्ण अथवा पूर्वीचें दास्य या कारणांवरून कोणाहि नागरिकाचा मताधिकार नाकारतां येणार नाहीं. अर्थात् हें सारें त्या वेळीं पुरुषांपुरतेंच होतें. स्त्रियांना १९२० पर्यंत थांबावें लागलें. त्याच १८७० सालीं हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मिसिसिपी संस्थानातर्फे सीनेट सभेंत जाऊन बसले.

परंतु त्यानंतर तीस वर्षेंहि लोटलीं नाहींत, तोंच अमेरिकेच्या दक्षिण भागांत कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ नाहींसा झाला. नवल असें कीं, पंधराव्या दुरुस्तींतील एक अक्षरहि कोणी खोडलें नव्हतें. कायदा जागच्या जागीं राहिला आणि हक्क मात्र निघून गेला. हें कसें घडलें, तो हक्क परत कसा मिळाला, आणि मिळाल्यावरहि त्याची राखण करणें कां भाग पडतें, हें आज आपणांस सांगण्याचा माझा विचार आहे.

१८७७ सालीं मध्यवर्ती सरकारनें दक्षिणेंतील आपला लष्करी पहारा उठविला. त्यापूर्वीहि आणि त्यानंतरहि मतदानास निघालेल्या माणसाला तेथें मारहाण होई, प्रसंगीं प्राणासहि मुकावें लागे. परंतु दांडगाईनें मिळविलेली सत्ता कायद्याच्या भाषेंत मांडल्यावांचून स्थिर होत नाहीं, हें तेथील गोऱ्या पुढाऱ्यांना कळून चुकलें होतें. अडचण एकच होती. पंधरावी दुरुस्ती 'वर्ण' या शब्दावर पहारा देत होती. तेव्हां तो शब्द टाळून तोच हेतु साधणारे नियम करावयाचे, अशी युक्ति निघाली.

१८९० सालीं मिसिसिपी संस्थानानें नवी घटना केली. मतदारानें दरसाल दोन डॉलर डोईपट्टी भरली पाहिजे, असा नियम तींत आला. त्याशिवाय संस्थानाच्या घटनेंतील कोणतेंहि कलम मतदाराला वाचतां आलें पाहिजे, अगर वाचून दाखविल्यास त्याचा अर्थ सांगतां आला पाहिजे, असेंहि ठरलें. यांत वर्णाचा उल्लेख कोठेंहि नाहीं. मात्र कलम कोणतें विचारावयाचें, आणि सांगितलेला अर्थ बरोबर कीं चूक, हें ठरविणार कोण? नोंदणीच्या टेबलामागें बसलेला गोरा अधिकारी! १८९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हे नियम वैध ठरविले. नियमांच्या शब्दांत भेदभाव दिसत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें.

मग इतर संस्थानांनींहि तोच कित्ता गिरविला. लुइझियाना संस्थानानें १८९८ सालीं शिक्षणाची अगर मालमत्तेची अट घातली. पण त्या जाळ्यांत गरीब आणि निरक्षर गोरेहि सांपडूं लागले, तेव्हां त्यांच्यासाठीं एक पळवाट काढण्यांत आली. १८६७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस अगर त्यापूर्वीं जो मतदार असेल, त्याला व त्याच्या मुलानातवांना ही अट लागू नव्हती. त्या तारखेस तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता, हें सांगावयास नको. या नियमाला लोकांत 'आजोबांचें कलम' असें नांव पडलें. परिणाम आंकड्यांतच पाहावा. लुइझियानामध्यें १८९६ सालीं नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते. १९०० सालीं ते ५,३२० उरले.

न्यायालयाकडे दाद मागावी, तर तेथेंहि फारसा आधार नव्हता. अलाबामा संस्थानांतील जॅक्सन गाइल्स यांनीं आपल्या हजारों बांधवांच्या वतीनें फिर्याद नेली. १९०३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती फेटाळली आणि असल्या राजकीय अन्यायाचें निवारण त्या संस्थानाच्या लोकांकडून अगर सरकारकडून व्हावें, असें सांगितलें. ज्यानें दार लावून घेतलें, त्याच्याकडेच किल्ली मागावी, असा हा न्याय झाला.

पुढें न्यायालयाचा सूर बदलला खरा. परंतु एक कुलूप उघडलें कीं दुसरें तयार असे. ओक्लाहोमा संस्थानाचें आजोबांचें कलम १९१५ सालीं रद्द झालें. लगेच १९१६ सालीं त्या संस्थानानें नवा कायदा केला. १९१४ सालीं ज्यांनीं मत दिलें होतें ते आपोआप मतदार राहिले. उरलेल्यांनीं अमुक बारा दिवसांत नांव नोंदवावें, न नोंदविल्यास त्यांचा हक्क कायमचा गेला, असें ठरलें. हा कायदा रद्द व्हावयास १९३९ साल उजाडलें. म्हणजे बारा दिवसांच्या अन्यायाचें परिमार्जन तेवीस वर्षांनीं झालें! टेक्सास संस्थानांत एकाच पक्षाचें प्राबल्य असल्यामुळें खरी निवडणूक त्या पक्षाचा उमेदवार ठरवितांनाच होई, आणि तींत मत फक्त गोऱ्यांना असे. ह्यूस्टन येथील लॉनी स्मिथ या दंतवैद्यांनीं त्याविरुद्ध दाद मागितली, थर्गुड मार्शल या विख्यात वकिलांनीं त्यांची बाजू मांडली, आणि १९४४ सालीं ती प्रथा मोडली. पण नोंदणीचें टेबल जेथल्या तेथेंच होतें.

मी स्वतः मॅट्रिक झालेला शाळामास्तर. परीक्षा घेण्यांतच माझें आयुष्य गेलें. परीक्षेचा धर्म मला असा ठाऊक आहे कीं, प्रश्न सर्वांना एक असावा, उत्तर तपासतांना तें कोणाचें हें पाहूं नये, आणि नापास झालेल्याला आपलें कोठें चुकलें हें कळावें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालच्या एका निकालपत्रांत या परीक्षांचे कांहीं दाखले नमूद केले आहेत. मिसिसिपीच्या फॉरेस्ट जिल्ह्यांत सहा कृष्णवर्णीय पदवीधरांना अपात्र ठरविण्यांत आलें. त्यांपैकीं तिघे एम्. ए. होते. उलट लुइझियानामध्यें एका गोऱ्या अर्जदारानें घटनेचा अर्थ म्हणून भाषणस्वातंत्र्य या आशयाचे तीन शब्द लिहिले. त्या तीन शब्दांपैकीं एकाचेंहि शुद्धलेखन धड नव्हतें, आणि तरी तो उत्तीर्ण झाला! श्रोतेहो, माझ्यासारख्यानें जन्मभर ज्या व्यवस्थेला पवित्र मानलें, तिचा हा विटाळ आहे. ती परीक्षा नव्हतीच. परीक्षेचें नांव देऊन बसविलेली ती चौकी होती. ज्यांच्या मुलांना चांगली शाळा द्यावयाची नाहीं, त्यांनाच मागाहून अज्ञानाचा दोष लावावयाचा, हा त्यांतील दुसरा अन्याय.

मत गेल्यानें एवढें काय बिघडतें, असा प्रश्न कोणी करील. मत गेल्याबरोबर शाळेला मिळणारा पैसा गेला, पोलिसांवरचा वचक गेला, आणि न्यायहि गेला. कारण मिसिसिपींत ज्यूरीवर बसण्यास मतदार असणें आवश्यक होतें. १९५५ सालीं त्या संस्थानांत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. खटल्याच्या ज्यूरींत बाराहि गोरे पुरुष होते, आणि सुमारें तासाभरांत त्यांनीं आरोपींना निर्दोष ठरविलें. पुढें त्या आरोपींनीं एका मासिकापाशीं खुनाची कबुलीहि दिली. मतदारांच्या यादींत ज्यांचीं नांवें नाहींत, त्यांच्या मुलाच्या जिवाचें मोल काय, हें त्या दिवशीं जगानें पाहिलें.

त्याच मिसिसिपींत फॅनी लू हेमर नांवाची एक बाई होती. वीस भावंडांत ती शेवटची. कापसाच्या एका मळ्यावर अठरा वर्षें ती काम करीत होती. आपल्याला मताधिकार आहे, ही गोष्टच तिला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं प्रथम कळली! १९६२ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेस अठरा माणसें एका बसमधून इंडियानोला या जिल्ह्याच्या ठिकाणीं नोंदणीसाठीं गेलीं. त्यांत ती होती. परीक्षेंत ती अर्थातच नापास झाली. परततांना पोलिसांनीं बस अडविली आणि तिचा रंग भलताच पिवळा आहे म्हणून चालकाला दंड केला. घरीं येते तों मळ्याच्या मालकाचा निरोप हजर. अर्ज परत घे, नाहीं तर मळा सोड, असें त्यानें बजावलें. नांव आपण आपल्यासाठीं नोंदवावयास गेलों होतों, मालकासाठीं नव्हे, असें तिनें सांगितलें आणि त्याच रात्रीं घर सोडलें. १९६३ च्या जानेवारींत ती परीक्षा उत्तीर्ण झाली, तर डोईपट्टीच्या पावत्या पुढें आल्या. त्याच वर्षीं जून महिन्यांत वायनोना येथील तुरुंगांत तिला इतका मार बसला कीं त्याची खूण शरीरावर जन्मभर राहिली. १९६४ च्या ऑगस्टमध्यें डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढें तिनें ही सारी हकीकत सांगितली, आणि देशभर लोकांनीं ती दूरचित्रवाणीवर ऐकली. वर्तमानपत्रांतील शंभर अग्रलेखांनीं जें झालें नसतें, तें त्या मळ्यावरच्या बाईच्या साध्या बोलण्यानें झालें.

आतां अलाबामा संस्थानांतील सेल्मा या गांवाकडे वळूं. सेल्मा हें डॅलस जिल्ह्याचें मुख्य ठिकाण. त्या जिल्ह्यांत मतदानाच्या वयाचे सुमारें १५,००० कृष्णवर्णीय होते. नोंदणीची कचेरी महिन्यांतून दोनच दिवस उघडे. मध्यवर्ती सरकारनें तेथें चार वर्षें खटले चालविले. न्यायालयांनीं दोन वेळां भेदभाव सिद्ध झाल्याचा निर्णय दिला. आणि फळ काय? नोंदलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या १५६ होती ती ३८३ झाली. या गतीनें पंधरा हजारांची नोंदणी व्हावयास कित्येक पिढ्या लागल्या असत्या.

१९६५ च्या फेब्रुवारींत जवळच्या मॅरियन गांवीं जिमी ली जॅक्सन या तरुणाला संस्थानाच्या पोलिसानें गोळी घातली. आठ दिवसांनीं तो मरण पावला. मार्चच्या ७ तारखेस, रविवारीं, सुमारें सहाशें स्त्रीपुरुष सेल्माहून माँटगोमेरी या राजधानीकडे पायीं निघाले. गांवाबाहेरच्या एडमंड पेटस पुलावर घोडेस्वार आणि लाठ्या घेतलेले पोलिस वाट पाहात होते. अश्रुधूर सोडण्यांत आला, लाठ्या चालल्या. मोर्च्याच्या अग्रभागीं असलेल्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुइस यांची कवटी फुटली. हीं चित्रें त्याच रात्रीं घरोघर दिसलीं. आठ दिवसांनीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं काँग्रेसपुढें, म्हणजे तेथील मध्यवर्ती कायदेमंडळापुढें, मताधिकाराचा नवा कायदा मागितला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालीं २१ मार्चला निघालेला मोर्चा २५ मार्चला राजधानींत पोंचला. आणि १९६५ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस मताधिकाराच्या कायद्यावर सही झाली.

या कायद्याचें मर्म नीट समजून घेतलें पाहिजे. मतदानांत वर्णभेद करूं नये, हें तर १८७० पासूनच लिहिलेलें होतें. नव्या कायद्यानें ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेविलें. जेथें परीक्षेची अट होती आणि १९६४ च्या नोव्हेंबरांत निम्म्याहून कमी लोक नोंदलेले होते अगर मतदानास आले होते, अशा प्रदेशांत परीक्षा बंद झाल्या आणि मध्यवर्ती सरकारचे अधिकारी नोंदणीस बसूं शकले. याहून महत्त्वाची गोष्ट पूर्वसंमतीची. अशा संस्थानानें निवडणुकीचा कोणताहि नियम बदलण्यापूर्वीं मध्यवर्ती सरकारची अगर राजधानींतील न्यायालयाची संमति घेतलीच पाहिजे, आणि त्या बदलानें भेदभाव होणार नाहीं हें संस्थानानेंच दाखविलें पाहिजे, असें ठरलें. पूर्वीं अन्याय आधीं होई आणि गरीब मतदार वर्षानुवर्षें त्याचा पुरावा गोळा करीत बसे. आतां पुरावा आधीं, आणि नियम मागाहून. मिसिसिपींत नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचें प्रमाण शेंकडा ६.७ होतें, १९६७ सालीं तें ५९.८ झालें. नव्वद-पंचाण्णव वर्षें जें साधलें नाहीं, तें दोन वर्षांत साधलें.

कायद्याच्या या भागाची मुदत काँग्रेसनें वेळोवेळीं वाढविली. २००६ सालीं ती पंचवीस वर्षांनीं वाढली, तेव्हां सीनेटमध्यें ९८ मतें अनुकूल पडलीं आणि विरुद्ध एकहि नाहीं. तरी २०१३ च्या जूनच्या २५ तारखेस, अलाबामांतील शेल्बी जिल्ह्यानें नेलेल्या दाव्यांत, सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो भाग निकामी केला. कोणत्या प्रदेशांना पूर्वसंमति हवी हें ठरविणारें कोष्टकच न्यायालयानें रद्द केलें. प्रतिपक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांचा मुद्दा असा कीं, सर्व संस्थानांचा दर्जा सारखा आहे. पन्नास वर्षांपूर्वींच्या आंकड्यांवरून आजच्या पिढीला संशयित ठरवितां येत नाहीं. देश बदलला आहे. देश बदलला होता, हें खरेंच. परंतु तो कशानें बदलला, हा प्रश्न उरतो. न्यायमूर्ति गिन्सबर्ग यांनीं विरुद्ध मत देतांना छत्रीचा दृष्टांत घेतला. पाऊस पडत असतां आपण भिजत नाहीं म्हणून छत्री टाकून द्यावी, तसें हें झालें, असें त्यांचें म्हणणें होतें.

पाऊस थांबला नव्हता, हें लवकरच दिसलें. टेक्सास संस्थानाच्या ओळखपत्राच्या ज्या कायद्याला २०१२ सालीं पूर्वसंमति नाकारण्यांत आली होती, तो निकालाच्या त्याच दिवशीं अंमलांत आणण्याचें जाहीर झालें. नॉर्थ कॅरोलायना संस्थानानें कोणत्या वंशाचे लोक कोणत्या रीतीनें मत देतात याची माहिती मागवून घेतली, आणि कृष्णवर्णीय ज्या सोयी अधिक वापरीत त्यांवर २०१३ सालीं कात्री चालविली. खोट्या मतदानाला आळा घालणें हा आपला हेतु आहे, असें तें संस्थान सांगत होतें. तेथील अपील न्यायालयानें २०१६ सालीं तो कायदा भेदबुद्धीनें केलेला ठरवून रद्द केला. पण मध्यंतरीं २०१४ ची निवडणूक त्याच कायद्याखालीं होऊन गेली होती. अलाबामानें २०२१ सालीं मतदारसंघांचा जो नकाशा आंखला, तो कृष्णवर्णीय मतदारांवर अन्याय करणारा आहे, असें खालच्या न्यायालयानें २०२२ च्या जानेवारींत सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास तहकुबी दिली, २०२२ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली, आणि २०२३ च्या जूनमध्यें त्याच सर्वोच्च न्यायालयानें खालच्या न्यायालयाचें म्हणणें उचलून धरलें. न्याय मिळाला, पण निवडणूक होऊन गेली होती.

मला या इतिहासांतून घ्यावयाचा बोध येथें दिसतो. कोणाचें शेत बळकावलें तर दहा वर्षांनीं का होईना, तें परत देतां येतें. कोणाचे पैसे बुडविले तर व्याजासह भरून देतां येतात. परंतु निवडणुकीच्या दिवशीं नाकारलेलें मत मागाहून परत देतां येत नाहीं. तो दिवस गेला, प्रतिनिधि निवडून आला, त्यानें कायदे केले; ते कायदे मताला मुकलेल्यांनाहि बांधतात. म्हणून इतर हक्कांना मागाहून मिळणारी दाद कदाचित् पुरे; मताधिकाराला आधीं उभा असलेला पहारा लागतो. १९१६ चे बारा दिवस, सेल्माचीं चार वर्षें आणि २०२२ चा नकाशा, हे तिन्ही दाखले तेंच सांगतात.

आपल्या देशाचा आणि या कथेचा धागा जोतीरावांपाशींच तुटत नाहीं. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें त्यांनीं अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९४६ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय आपलें गाऱ्हाणें राष्ट्रसंघटनेपुढें नेत आहेत असें कळतांच, त्यांनीं ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागितली. दोघांच्या समाजांची स्थिति त्यांना सारखीच दिसत होती. पुढें आपल्या घटनेच्या ३२६ व्या कलमानें प्रौढ मताधिकार दिला, त्यांत शिक्षणाची अट नाहीं आणि मालमत्तेचीहि नाहीं. १९५१ सालीं देशांत साक्षर माणसें शंभरांत अवघीं अठरा होतीं. अक्षर न ओळखणाऱ्या कोट्यवधि माणसांनीं पहिल्याच निवडणुकींत चिन्ह ओळखून मत दिलें. मास्तरांना निर्णायक करून मतदार निवडण्याचा मोह आपल्या घटनाकारांना झाला नाहीं, याचा मला मास्तर असूनहि आनंद वाटतो.

सेल्माच्या पुलावर डोकें फुटलेले जॉन लुइस पुढें तेहेतीस वर्षें काँग्रेसचे सभासद होते आणि २०२० च्या जुलैमध्यें वारले. त्यांच्या नांवानें पूर्वसंमतीची तरतूद पुन्हा आणणारें विधेयक २०२१ सालीं प्रतिनिधिगृहांत मंजूर झालें, पण सीनेटमध्यें अडलें. वारल्यानंतर त्यांचें शव घोड्यांच्या गाडीवर ठेवून त्याच पुलावरून नेण्यांत आलें. ज्या संस्थानाच्या पोलिसांनीं पंचावन्न वर्षांपूर्वीं त्यांना झोडपलें होतें, त्यांच्याच वारसांनीं त्या दिवशीं त्यांना सलामी दिली. ती सलामी खरी होती, आणि त्यानंतरच्या वर्षाचा तो अलाबामाचा नकाशाहि खरा होता. हक्क मिळवितांना माणसें पुलावर उभीं राहतात आणि जग तें पाहतें. तो हक्क कमी होतो तो मात्र कोणी पाहात नसतां, एखाद्या कचेरींत, एका टेबलापाशीं. तेथें काय चाललें आहे, हें पाहात राहणें हेंच नागरिकाचें काम आहे.